एक्सेल शीट हिरवीगार आहे, पण मी खरंच वाढलोय का?

साक्रीकर_जळगावात

सगळ्यांना सलाम. बरेच दिवस इथं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

विषय असा की ३१ डिसेंबरला आमच्या चर्चमधे वॉचनाइट होती, नेहमीसारखीच, गाणी, साक्षी, बाराला प्रार्थना आणि मग केक चहा. त्यात पाळक साहेबांनी मधेच विचारलं की गेल्या ३१ डिसेंबरला तुम्ही जिथं होता तिथून आज पुढं आहात का मागं, आणि कशावरून म्हणता? दोन मिनिटं गप बसा म्हणाले. सगळे डोळे मिटून बसले, मी पण बसलो, आणि खरं सांगतो, पुढं का मागं ते सोडा, त्या "कशावरून"लाच माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं. तर माझ्याकडं उत्तर असायला पाहिजे होतं, कारण मी हिशोब ठेवतो. पतसंस्थेत अकाउंटला आहे, जे मोजता येत नाही ते माझ्या डोक्यात बसतच नाही. दोन वर्षांपूर्वी मोबाईलवर एक एक्सेल शीट केली. वाचन, प्रार्थना, उपासना, दशांश, उपवास, कोणाला साक्ष दिली का, असे सहा कॉलम. झालं तर हिरवा, अर्धवट तर पिवळा, नाही झालं तर लाल. पवित्र शास्त्रात एकूण ११८९ अध्याय आहेत, रोज तीन आणि रविवारी पाच असं वाचलं की वर्षाच्या आत संपतं, तसं दोनदा पूर्ण वाचून झालंय. पहिल्या वर्षी बरंच लाल पिवळं होतं, गेल्या वर्षीची शीट बघाल तर पावसाळ्यातल्या डोंगरासारखी हिरवी. बायकोला दाखवली तर ती म्हणे छान आहे आणि कणीक मळायला निघून गेली.

पण माणूस म्हणून बघायला गेलं तर मी तसाच आहे हो. कॅश जुळली नाही की हाताखालच्या पोराला टोचून बोलतो. घरी आलो की पोरांनी आवाज केलेला चालत नाही, कारण मला वाचन करायचं असतं. एकदा तर "गप बसा, मी प्रार्थना करतोय" असं ओरडलो आणि परत डोळे मिटले, आणि त्या दिवशीचा प्रार्थनेचा खाना हिरवा केला. बाप्तिस्मा झाला तेव्हा मी १७ वर्षांचा होतो, गावच्या तलावात, छातीइतक्या पाण्यात, बाहेर आल्यावर कितीतरी वेळ रडत होतो आणि कशामुळं तेही सांगता येत नव्हतं. आज ३६ चा आहे, शेवटचं प्रार्थनेत कधी रडू आलं ते आठवत नाही. मग ती वाढ होती आणि ही घट आहे, का ते नुसतं वय होतं?

(घरचं एक जुनं प्रकरण आहे, भावाशी बांधावरून वाजलंय, तीन वर्षं झाली बोलणं बंद आहे, पण तो वेगळा विषय आहे, त्याचा इथं संबंध नाही.)

तर प्रश्न एवढाच. तुम्ही स्वतःची आत्मिक वाढ झाली का नाही ते कशावरून ठरवता? करिंथकरांस दुसऱ्या पत्रात १३:५ ला पौल म्हणतो ना की विश्वासात आहात का नाही ते स्वतःच तपासून बघा, मग तपासायचं म्हणजे नेमकं काय बघायचं? "जास्त प्रार्थना करा" असं कृपया सांगू नका, त्याचा कॉलम आहे माझ्याकडं.

रावेरची_केळी

प्रेज द लॉर्ड भाऊ. मी शेतकरी माणूस, थिऑलॉजी वगैरे कळत नाही, माझ्या बागेतलं सांगतो.

एक वर्षी मृगबाग लावला होता, टिशू कल्चरची रोपं, ठिबक, सगळं व्यवस्थित. आणि मला हौस सुटली, युरिया सोडत गेलो सोडत गेलो. बाग असा उठला की काय सांगू, सहा महिन्यांत नुसती भिंत, पानं बघून रस्त्यानं जाणारे गाडी थांबवायचे, मी पण बांधावर उभा राहून मिशीवरून हात फिरवायचो. निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडायला, सुरुवात झाली तेव्हा समजलं काय झालंय ते. घड बारा-तेरा किलोचे, फण्या कमी, शेजारच्याची पिवळट दिसणारी बाग होती तिथं बावीस-पंचवीसचा माल. व्यापारी आला, पानांकडं त्यानं वर मान करून पण पाहिलं नाही, सरळ घडाखाली जाऊन उभा राहिला.

तुमची शीट वाचली आणि तो बाग आठवला, राग मानू नका. वाचन प्रार्थना उपवास हे खतपाणी आहे, लागतंच, त्याच्याशिवाय बाग नाही. पण खताच्या गोण्या मोजून कोणी माल किती निघाला सांगतं का? गलतीकरांस ५:२२-२३ ला फळ सांगितलंय, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. आता ह्यातला एक पण तुमच्या सहा कॉलमात नाहीये. एक गंमत बघा, तिथं नऊ नावं आहेत पण शब्द "फळ" असा एकच आहे, फळं नाही. एकाच घडाच्या नऊ फण्या समजा. मला सहनशीलता आहे पण सौम्यता नाही असं म्हणून चालत नसावं.

आणि अजून एक. केळीचं झाड स्वतः केळं खात नाही भो. गोड आहे का तुरट ते खाणाऱ्यालाच विचारावं लागतं. तुमच्या घरी खाणारे कोण आहेत, ती बायको, ती पोरं, ते हाताखालचं पोरगं. त्यांना विचारा. मी विचारलं होतं एकदा बागेतल्या सालदाराला, तीन दिवस झोप लागली नाही.

पिलं कापायचं पण लक्षात असू द्या. बुडाशी सारखी पिलं फुटतात, कोवळी छान दिसतात, पण ठेवली की मूळ झाडाचं खाऊन टाकतात, दर थोड्या दिवसांनी विळा घेऊन फिरावंच लागतं. योहान १५ मधे बाप छाटतो म्हटलंय ते द्राक्षवेलाचं आहे पण आमच्याकडं वेल नाही म्हणून मी केळीवर समजून घेतो.

कृपाच_पुरे

शीट डिलीट करा. इफिसकरांस २:८-९ वाचा. तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही. ही सगळी आत्मपरीक्षा म्हणजे मागच्या दारानं परत नियमशास्त्र आत आणणं आहे. येशूकडं बघा, स्वतःकडं नको. येशूच्या दाखल्यातल्या परुश्याची, म्हणजे त्या कर्मठ धार्मिक माणसाची, पण शीट हिरवीच होती, आठवड्यात दोनदा उपवास आणि सगळ्याचा दशांश, लूक १८.

साक्रीकर_जळगावात

@कृपाच_पुरे परुश्याचं लागलं जरा, पण बरोबर आहे. तारणाबद्दल मला शंका नाहीये, पण तारण झालेलं मूल वाढतंय का नाही ते आई बघतेच ना, अंगणवाडीत पण वजन करतात. आणि परीक्षा करा असं म्हणणारा पौल तोच आहे, कृपेचं लिहिणारा. प्रभुभोजनाच्या आधी तर दर वेळी वाचतात, माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी. ते वाचतात तेव्हा मी काय करतो तर घड्याळ बघतो.

@रावेरची_केळी तीन दिवस झोप लागली नाही म्हणजे काय सांगितलं त्यानं?

रावेरची_केळी

ते माझ्यात आणि देवात आणि सालदारात राहू द्या.

रिटायर्ड_टीएक्सआर_भुसावळ

मी रेल्वेत ३४ वर्षं काढली, डबे तपासायच्या खात्यात, आमच्याकडं टीएक्सआर म्हणतात, म्हणजे ट्रेन एक्झॅमिनर. वाचता वाचता वाटलं की ह्या भावाला आमच्या खात्यातली एक गोष्ट सांगावी.

गाडी तपासायच्या दोन पद्धती. एक उभी असताना, यार्डात, निवांत, हातोडी टॉर्च घेऊन खाली वाकून बघायचं. आणि दुसरी गाडी स्टेशनात शिरताना. प्लॅटफॉर्मच्या टोकाला दोन्ही बाजूंना आमची माणसं असतात, गाडी समोरून जात असते आणि आम्ही नुसतं बघतो आणि ऐकतो, त्याला रोलिंग एक्झॅमिनेशन म्हणतात. काही लटकतंय का, घासतंय का, एक्सल गरम झालाय का, वास येतोय का. चाक एका जागी घासून सपाट झालं असेल तर ते धावतानाच बोलतं, ठक ठक ठक, एका तालात, नवीन पोरगं पण ओळखेल. तीच गाडी थांबली की सगळं गप. उभ्या गाडीखाली तेच चाक हुडकायला वाकून वाकून कंबर जाते, कारण सपाट जागा नेमकी रुळावर टेकलेली असली तर दिसणारच नाही.

रविवारी बाकावर बसलेला मी म्हणजे धुऊन पुसून फलाटाला लागलेली गाडी. पहाटेची प्रार्थना पण तीच, उभी गाडी. तिथं तपासणी करावी, करायलाच पाहिजे, पण माझं चाक कुठं बोलतं तर बाजारात मागून कोणी गाडी घासली की, प्रमोशन लिस्टमधे ज्युनिअरचं नाव वर आलं की, सुनेनं उलट उत्तर दिलं की. तिथं ऐकायचं. आणि हे लक्षात घ्या की आतल्या प्रवाशाला आपल्या डब्याचं चाक दिसत नाही, ते बाहेर उभ्या असलेल्यालाच दिसतं. आमच्या घरी ती ड्युटी मिसेसची. ती म्हणते तुम्ही दारात चपला कशा काढता त्यावरून मला कळतं आज प्रभू सोबत आलाय का यार्डातच राहिलाय.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं तर मी एकच गोष्ट धरून चालतो. चूक होणं बंद झालंय असं मी ह्या वयात पण म्हणणार नाही. पण पूर्वी घरात भांडण झालं की मी तीन-तीन दिवस बोलत नसे, जेवण पण ताट ओढून घेऊन. मग एक दिवसावर आलं. आता संध्याकाळच्या आत माफी मागतो, कधी कधी वाक्य अर्धं तोंडात असतानाच जीभ चावतो. ३१ डिसेंबरला पाळकांनी मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, साहेब, पडतो तेवढाच, उठायला वेळ कमी लागतो.

रडू येत नाही त्याचं फार मनावर घेऊ नका. कोळशाचं इंजिन निघताना केवढा धूर आवाज करायचं, आता इलेक्ट्रिक लोको गपचूप निघतो आणि जास्त ओढतो. (आता धूर नाही म्हणजे प्रगती असंही नसतं, कधी कधी गाडी बंदच असते, ते तुमचं तुम्ही बघा.)

पिंपळनेरची_मावशी

सगळ्यांचं वाचलं. सगळे छान लिहिता. पण कोणीच कंस वाचला नाही वाटतं.

बाळा, तू एवढं मोठं लिहिलंस आणि त्यात एकच गोष्ट कंसात घातलीस आणि वर लिहिलंस की संबंध नाही. साठी उलटलीय माझी, बायकांच्या प्रार्थनेच्या संगतीत चाळीस वर्षं बसतेय, लोकं प्रार्थनेचा विषय सांगतात ना तेव्हा मी खरा विषय कुठं असतो ते बघते, तो नेहमी "बाकी सगळं ठीक आहे"च्या मागंच असतो.

मत्तय ५:२३-२४. वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. अर्पण टाकून पळ असं नाही म्हटलं, ठेवून जा म्हटलंय, म्हणजे परत यायचंच आहे. आणि नीट वाच, तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर असं नाहीये तिथं, त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध असेल तर असं आहे.

आमची सासू अहिराणीतच बोलायची, शाळा नाही शिकलेली, तिच्याकडं कोणी माणूस चर्चमधलं मोठेपण सांगायला लागला की ती मधेच विचारायची, ते ऱ्हाऊ दे, भाऊसंगे बोलस का नही? बस्स. एवढीच तिची परीक्षा.

साक्रीकर_जळगावात

मावशी, आदर आहे तुमच्याबद्दल, पण तुम्हाला प्रकरण माहीत नाही. वडील गेल्यावर वाटणी झाली, माझं निम्मं मी बटाईनं दिलं कारण मी जळगावात. बटाईवाल्यानं सांगितलं की दादा बांध कोरतोय, दर नांगरटीला थोडा थोडा. मी विचारायला गेलो तर दादा चार लोकांत म्हणाला, बँकेत बसून बांध दिसतो का तुला. बँक पण नाही, पतसंस्था आहे, ते तर त्याला माहीत आहे. मी माफ केलंय मनातून. पण चूक त्याची आहे तर मी कशाला जाऊ?

धुळे_टू_पुणे

मी पुण्यात थिऑलॉजी शिकतोय, मूळ धुळ्याचा. भांडणात पडत नाही, शीटबद्दल एक सांगतो, कारण शीट करणारे तुम्ही पहिले नाही.

अमेरिकेत जोनाथन एडवर्ड्स म्हणून मोठे पाळक आणि विचारवंत होऊन गेले, १७०३ ते १७५८. १७२२-२३ मधे, म्हणजे वय अठरा-एकोणीस, त्यांनी स्वतःसाठी ७० निश्चय लिहिले आणि ते आठवड्यातून एकदा वाचायचेच असा नियम केला. वेळ वाया घालवणार नाही, खाण्यापिण्यात संयम ठेवीन, कुणाबद्दल वाईट बोलणार नाही, असं सगळं. डायरीत आठवड्याचा महिन्याचा हिशोब. एक आठवडा छान, पुढचा कोरडा, परत छान. एक्सेल नव्हतं एवढंच. पुढं मोठेपणी मागं वळून त्यांनी स्वतःच लिहिलं की त्या काळात मी स्वतःच्या ताकदीवर फार भिस्त ठेवली आणि त्यानं माझं नुकसान झालं.

पण मला ज्यानं हादरवलं ते वेगळं. १७३१ मधे ह्याच माणसानं न्यूपोर्ट बंदरात जाऊन एक गुलाम मुलगी विकत घेतली. चौदा वर्षांच्या आसपासची, कागदावर नाव व्हीनस, किंमत ८० पौंड. ती पावती आजही जपून ठेवलेली आहे. सत्तर निश्चयांत ह्याबद्दल एक ओळ नाही. एवढा बारीक हिशोब ठेवणारा, एवढा प्रामाणिक माणूस, खोटारडा नव्हता हो, पण जे त्याला दिसतच नव्हतं त्याचा कॉलम तो करणार कसा? आपली यादी आपणच बनवतो आणि ज्या खोलीत आपल्याला जायचं नाही ती खोली यादीत येतच नाही. स्तोत्र १९:१२ ला दाविदाचा प्रश्न आहे ना, स्वतःच्या चुका कोणाला कळतात? म्हणून तो गुप्त दोषांपासून सोडव म्हणतो, आणि १३९ व्या स्तोत्रात तर देवालाच सांगतो, तूच माझी झडती घे. झडती हा शब्द बघा, पोलीस घेतात तशी. आपण आपली झडती कधी घेत नाही, आपण आपलं घर आवरतो.

गंमत म्हणजे त्याच वर्षी, १७०३ लाच, इंग्लंडमधे जॉन वेस्ली जन्मला, मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा. तोही तरुणपणी असाच प्रश्नांच्या याद्या करणारा. पण १७४२ पासून त्याच्या लोकांत बारा-बारा जणांचे छोटे गट सुरू झाले, आठवड्याला बसायचं आणि एकमेकांना विचारायचं, तुझ्या जिवाचं कसं चाललंय. सुतार, विणकर, बायका, सगळे. यादी घरी ठेवता येते, माणूस समोर बसलेला असला की चुळबुळ होते. पुढं १७७४ मधे गुलामीविरुद्ध ह्याच वेस्लीनं सडकून लिहिलं. गटामुळंच लिहिलं असं मी म्हणत नाही, तेवढा सरळ संबंध इतिहासात लावता येत नाही, पण दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्यात.

आपल्याकडं पूर्वी घरसभा असायच्या, कंदिलावर, माझी आजी सांगते, तिथं लोकं खरंच बोलायची. आता घरसभेत पण पाहुणे बोलावून प्रवचन असतं आणि नंतर वडे.

भुसावळची_लेक

मी कॅथलिक आहे, इथं बहुतेक जण नाहीत हे माहीत आहे तरी लिहिते.

आमच्यात संत इग्नेशियस लोयोला, जेझुइट संघाचे संस्थापक, ह्यांनी दिलेली रोजच्या आत्मपरीक्षेची रीत आहे, मी रात्री भांडी झाली की करते, दहा-बारा मिनिटं. त्याच्यात पहिली पायरी चूक शोधायची नाहीच. पहिली पायरी उपकार मानायची, आज काय काय मिळालं ते. मग देवाकडं उजेड मागायचा, मग सकाळपासून दिवस हळूहळू मागं फिरवून बघायचा, मग क्षमा, मग उद्याचं. मला वाटतं क्रम महत्त्वाचा आहे. अंधारात स्वतःला तपासायला गेलं की हाताला लागेल ते ओढून काढतो माणूस.

हे सांगायचं कारण साक्रीकर भाऊंच्या लिहिण्यात मला थोडी भीती पण दिसली. तपासणीचं वेड लागू शकतं. स्वतः इग्नेशियस १५२२ मधे मनरेसा नावाच्या गावी असताना ह्याच्यात इतके अडकले की तीच ती जुनी पापं परत परत कबूल करायचे, समाधानच होईना, जीव द्यावा असे विचार यायला लागले. शेवटी त्यांनी ठरवलं की झालेल्या गोष्टी परत उकरायच्या नाहीत. म्हणजे बघा, ज्यानं जगाला आत्मपरीक्षा शिकवली तोच आधी आत्मपरीक्षेत बुडत होता.

मी पण बारावीत अशीच होते, फादर शेवटी म्हणाले, बाळ, हे तू मागच्या शनिवारी सांगितलंस, देव विसरला, तूच विसरत नाहीस.

बाकी भावाबद्दल मावशींनी लिहिलंय त्यात मी भर घालणार नाही. फक्त एक विचारू का, दिवस मागं फिरवून बघताना ती बांधाची गोष्ट कधी आली तर तुम्ही तिथं थांबता का पुढं सरकता?

साक्रीकर_जळगावात

चार दिवस लॉगिन केलं नाही. त्याचं कारण हा शेवटचा प्रश्न.

पुढं सरकतो. आणि का सरकतो ते आता लिहूनच टाकतो, इथं मला कोणी ओळखत नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी सरकारी मोजणी आणली होती, दादाला दाखवून द्यायचं म्हणून. नोटीस त्यालाही गेली होती, तो आला नाही. मोजणी झाली, क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली. बांध जिथं होता तिथंच आहे. वरच्या अंगाला कोरल्याची खूण पण नाही. उलट खालच्या टोकाला, नाल्याकडं, आपणच दीड हात दादाच्या वावरात शिरलोय. बटाईवाल्यानं नांगर तिकडं घातला असणार आणि मला येऊन उलटं सांगितलं, का त्याला पण कळलं नाही देव जाणे. मी घरी आलो, क प्रत कपाटात साड्यांच्या खाली ठेवली, बायकोला पण सांगितलं नाही. त्या रात्री वाचन होतं लेवीय, ते केलं, आणि खाना हिरवा केला.

आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. मार्च ते जानेवारी मोजा. अकरा वेळा मी प्याला घेतलाय ती प्रत कपाटात असताना. वर लिहिलं ना मी, मनातून माफ केलंय. कोणाला माफ केलंय हो मी, ज्यानं काही केलंच नाही त्याला.

परवा बायकोला सांगितलं. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली मला वाटलंच होतं काहीतरी, फेब्रुवारीपासून तुम्ही जेवताना गावाचं नावच घेत नाही. टीएक्सआर काका, तुमच्यासारखी ड्युटी आमच्या घरी पण चालू होती, मलाच माहीत नव्हतं.

दादाला फोन केला तीनदा, उचलला नाही. मग वहिनीला केला, तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली फोनवर नको, या. येत्या रविवारी जातोय, सकाळच्या धुळ्याच्या एसटीनं, तिथून साक्री. उपासना बुडणार, म्हणजे दोन वर्षांतला त्या कॉलममधला पहिला लाल. क प्रत घेऊन जातोय. तो चार लोकांत बोलला होता म्हणून मी पण चार लोकांत सांगावं का एकट्याला, हे अजून ठरत नाहीये. शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयानं उभं राहून सगळ्यांसमोर चौपट परत देतो म्हटलं, मला दीड हात जमीन तोंडातून बाहेर काढायला अकरा महिने लागले.

तो दारात उभं करेल का नाही माहीत नाही. प्रार्थनेत ठेवा.

रिटायर्ड_टीएक्सआर_भुसावळ

ठेवलं. चार लोकांतच सांगा. तुमच्या बटाईवाल्याचं गाऱ्हाणं पण गावात चार लोकांतूनच फिरलं असणार.

कृपाच_पुरे

मी पण प्रार्थना करतोय भाऊ. शीटबद्दल माझं मत तेच आहे.

पिंपळनेरची_मावशी

जा बाळा. क प्रत पिशवीत खाली ठेव, वर दुसरं काहीतरी ठेव, गेल्या गेल्या कागद काढू नको, आधी पाणी पी, पोरांची चौकशी कर. आणि हात हलवत जाऊ नको. थंडीचे दिवस आहेत, तिकडून भरताची वांगी घेऊन जा, बामणोदची मिळाली तर बघ, आमच्याकडं तशी मिळत नाहीत.

साक्रीकर_जळगावात

पाच किलो घेतली मावशी, बामणोदचीच, आत्ता पिशवी दारात ठेवलीय. वहिनी भाजते का दादा तोंडावर फेकतो ते रविवारी कळेल.